चौकोनातला दादा

लिफ्टबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर तिनं उभा जन्म काढला, तेव्हा लोकांनी तरी तिला दुसरं काय म्हणायचं? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी, मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर बोलत राहायचं, हे तिचं काम. त्यात ती अशी पटाईत, की आत घाबराघुबरा झालेला माणूस हळूहळू तिला सासुरवाडीची गाऱ्हाणी सांगायला लागे. दार उघडल्यावर एकानं मेकॅनिकलाच जरा थांबायला सांगितलं होतं, माझं बोलणं अजून व्हायचंय म्हणून. फोन खाली ठेवला की मात्र बाईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि मग मेकॅनिक, मॅनेजर, लिफ्ट आणि तो अडकलेला माणूस, कुणाचीच धडगत नसे.

पुढे कंपनीनं ऑफिसचा तो मजलाच सोडून दिला आणि तक्रारींचं टेबल ज्याच्या त्याच्या घरी गेलं. बाईच्या वाट्याला आतली खोली आली. खिडकीतून ऊन थेट लॅपटॉपवर यायचं आणि काही म्हणता काही दिसायचं नाही, म्हणून जाड पडदा कायमचा ओढलेला. टेबलावर एक पिवळा दिवा. सकाळी ती त्या खोलीत शिरायची ती संध्याकाळीच बाहेर पडायची, आणि घरून काम म्हणजे आराम, असं कुणी म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ऑफिसात निदान खुर्ची फिरवून शेजारणीशी कुजबुजता तरी येत होतं. इथे कुजबुजायचं म्हटलं तरी आधी माइक बंद आहे का ते बघा.

त्यातच नव्या लिफ्टमध्ये बटणांच्या वर छोटे स्क्रीन बसले. आता अडकलेल्या माणसाला बाईचा नुसता आवाजच ऐकू येत नव्हता, तर चेहराही दिसायला लागला. झालं! मॅनेजरनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, मॅडम, तुमचा आवाज उत्तम आहे, पण चेहरा जरा दमलेला दिसतो, समोरच्याला धीर वाटायला हवा. बाई त्या वेळी मूग गिळून गप्प बसली. दिवसभर मात्र तिनं एकेका चहाबरोबर मॅनेजरचा उद्धार केला. शेवटी टेबलावरच्याच एका धाकट्या सहकारिणीनं फोनवरून तिला एक सोय दाखवली. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी आत शिरायचं, एक पट्टी उजवीकडे सरकवायची, की चेहरा नितळ होतो, डोळ्यांखालचं काळं जातं, बुबुळांभोवतीचं पांढरं झकास उजळतं. असल्या नखऱ्यांना बाईनं आधी नाक मुरडलं. मग कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून बघितलं आणि पट्टी पार टोकापर्यंत सरकवली. मॅनेजर खूश झाला. बाई ती सोय विसरूनही गेली.

घरात दुसरं माणूस म्हणजे दादा, तिचा थोरला भाऊ. हयातभर त्यानं शाळेची बस चालवली. त्याची बायको लवकर गेली, बाईनं लग्नच केलं नाही, आणि आईवडिलांच्या मागे ती दोघं त्या दोन खोल्यांत एकमेकांची डोकी खात राहिली. दादा माणूस मानी. बस बंद पडली तर धक्का मारायला सुद्धा कुणाला बोलावणार नाही, मग दुखणं कुणाला सांगायची गोष्टच सोडा. शिवाय बाई त्याची धाकटी बहीण. तिच्यासमोर पोटाच्या खालच्या कुठल्याही अवयवाचा उल्लेख त्यानं कधी केलेला नव्हता.

तर असा हा दादा ताटात अन्न टाकायला लागला. मग दुपारचा झोपायला लागला. मग अंग खाजवायला लागला. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या बसल्या तो दंड, पोटऱ्या, पाठ असा खाजवत राहायचा, की आत तक्रार ऐकणाऱ्या बाईला ते दाराआडून ऐकू यायचं. साबण बदल, ती ओरडायची. साबण बदलला. काही फरक पडला नाही.

तिनं दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, आता पहिली भेट व्हिडिओवरच असते, गरज वाटली तर डॉक्टर प्रत्यक्ष बोलावतील. बाईनं हुज्जत घातली, की माणूस चालतो-फिरतोय, रिक्षात घालून आणते, काय हरकत आहे? हरकत काहीच नव्हती, पण पद्धत तशी होती. गोड बोलून माणसाला जागच्या जागी कसं थांबवायचं हे बाईला पुरतं ठाऊक होतं, आपल्यावर ते कुणी करतंय हे कळत असूनही तिला काही करता आलं नाही. दवाखान्याचा दुवा ऑफिसच्याच मीटिंग प्रोग्रॅममध्ये उघडत होता, एवढं एक बरं झालं असं तिला त्या दिवशी वाटलं.

पहिल्या भेटीच्या वेळी आधी आवाज येईना. मग आवाज आला तर चित्र गोठलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या, आणि त्यांचं अर्धं वाक्य नेहमी हवेत विरायचं. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या लावून बहीण-भाऊ खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि स्क्रीनवरच्या चौकोनात दोघांची तोंडं दिसत होती. दादा डॉक्टरांकडे बघतच नव्हता, स्वतःकडेच बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, जेवण? बाई म्हणाली, नाही जात. झोप? बाई म्हणाली, फार. शौचाला कसं होतं, लघवीचा रंग कसा आहे? या प्रश्नावर बाईनं दादाकडे बोट दाखवलं, कारण हे तिला कुठून माहीत असणार. दादा पार अवघडला आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे." पुढचा पेशंट थांबला होता. पित्ताच्या गोळ्या लिहून मिळाल्या आणि चौकोन विझला.

दादा मात्र खुर्चीतून उठेना. त्यानं बहिणीला विचारलं, ते परत दाखवता येईल का? काय परत? माझं तोंड, तो म्हणाला. मग जरा लाजून सांगितलं, की चार माणसांत उठून दिसावं असं तोंड आहे की अजून, उगाच तू मला आजारी आजारी म्हणतेस. बाईला हसू आलं आणि रागही आला. तिची लिफ्टची मीटिंग सुरू व्हायची होती, तिनं त्याला खोलीबाहेर काढलं.

गोळ्यांनी काही झालं नाही. खाज वाढली. रात्रीच्या जेवणाला दोघं पिवळ्या बल्बखाली बसायची, समोर टीव्ही चालू, बाईचा एक डोळा ऑफिसच्या फोनवर. दादानं दोन घास खाल्ले की नाही एवढं ती बघायची, म्हणजे ताटाकडे बघायची. नाही खाल्ले तर बोलायची. तो म्हणायचा, डॉक्टरनं बघितलंय ना मला? त्यांना काही दिसलं नाही, तुला काय दिसतंय? ती ताट उचलून न्यायची.

दुसरी भेट मिळायला बाईच्या नाकी नऊ आले. तारीख मिळाली तीही तिच्या कामाच्या ऐन गर्दीत. त्या दिवशी एका इमारतीत एक म्हातारी आणि तिची नात लिफ्टमध्ये अडकली होती. बाईनं त्यांना सोडवेपर्यंत बोलत ठेवलं, एक चौकोन बंद केला, दुसरा उघडला, दादाला हाक मारली, आणि तो शर्टाची बटणं लावत येईपर्यंत डॉक्टरबाई हजर झाल्या होत्या. खाजेचं ऐकून त्या थांबल्या. या वेळी आवाज स्वच्छ येत होता, ही गोष्ट बाईला नंतर फार छळणार होती.

"काकांचे डोळे पिवळसर वाटतात का, जरा बघून सांगता?" डॉक्टरांनी विचारलं. "मला इथून नाही वाटत, पण तुम्ही जवळ आहात."

बाई पुढे झुकली. लॅपटॉपच्या अगदी जवळ गेली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि चौकोनातल्या दादाचे डोळे नीट निरखून बघितले. पांढरे स्वच्छ होते. "नाही," ती म्हणाली. "छान आहेत."

दादा तिच्या डाव्या खांद्याला टेकून बसला होता. मान वळवली असती तरी पुरे होतं.

डॉक्टरांनी लघवीचं पुन्हा विचारलं, दादानं पुन्हा ठीक आहे म्हणून सांगितलं. मग अंगाला लावायचं मलम आलं, आणि फरक नाही पडला तर रक्त तपासू असं ठरलं. मलमानं चादरी तेलकट झाल्या. आणखी काही झालं नाही. बाईनं रक्ताचा विषय काढला की दादा फुरंगटून म्हणायचा, तुला मला आजारी करायचंच आहे का? दोघांची अशी भांडणं झाली की बाई दार लावून आत बसायची आणि अडकलेल्या लोकांशी मधाळ आवाजात बोलायची. बाहेर त्या आवाजानं दादा आणखी चिडायचा, कारण तो आवाज त्याच्या वाट्याला कधीच येत नसे.

तिसरी भेट ठरली त्या सकाळी रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली. सगळ्या आळीचं इंटरनेट गेलं. ऑफिसचं काम ठप्प झालं, त्याचं बाईला काही वाटलं नाही, पण डॉक्टरची वेळ जाणार या विचारानं ती खिडकीतून मजुरांवर इतकी ओरडली, की त्यातला एक टोपी काढून उभा राहिला. शेवटी तिनं स्वतःचा फोन काढला. घरात त्याला रेंज नीट नव्हती, म्हणून दादाला सरळ गॅलरीत नेऊन स्टुलावर बसवलं आणि दुव्यावर बोट टेकवलं. फोन टेकवायला जागा नव्हती. तेव्हा तो हातात धरून ती त्याच्या समोर उभी राहिली, आणि फोनच्या वरून तिनं दादाकडे बघितलं.

लख्ख ऊन होतं. दादा पिवळा होता. कुणी हळद लावावी तसा कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळा, आणि डोळे तर बघवत नव्हते. गाल आत गेले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती, हातांवर खाजवल्याचे ओरखडे होते. हा माणूस रोज तिच्यासमोर जेवत होता. हातातला फोन विसरून ती त्याच्याकडे वाकली आणि चित्र हलायला लागलं.

"ताई, फोन जरा स्थिर धरा," डॉक्टरांचा आवाज आला. मग तो आवाज घाईचा झाला. मग म्हणाला, "काका, वर बघा. उन्हाकडे नको, वर." आणि मग बाईला उद्देशून, "यांना आत्ता घेऊन या. आत्ता म्हणजे आत्ता. वेळ घ्यायची गरज नाही."

रिक्षात बाईनं मनातल्या मनात डॉक्टरणीची सगळी तक्रार तयार केली. दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यात जन्म गेला, आता एकदा स्वतःची करायची. असल्या डब्यातून माणूस कसा कळणार, पांढऱ्या कोटात बसून लांबून गोळ्या फेकायला काय लागतं, अंगाला हात लावायला तुम्हाला विटाळ होतो का! ती ओठातल्या ओठात इतकी भांडत होती की दादानं विचारलं, कुणाशी बोलतेस? मग एका वळणावर तिला स्वतःचं "छान आहेत" आठवलं, आणि आपण ते कुठे बघून म्हणालो हेही आठवलं. पुढच्या वळणावर ती पट्टी आठवली. 

दवाखान्यात डॉक्टरबाई स्वतः दारापर्यंत आल्या. हलत्या फोनवर त्यांना दिसले होते ते पिवळे डोळेच, म्हणून आधीच्या भेटींतला चेहरा शोधत त्यांनी दादाच्या अंगावरून नजर पुढे नेली आणि बाईला विचारलं, पेशंट कुठे आहेत? हेच, बाई म्हणाली. डॉक्टर क्षणभर दादाकडे बघत राहिल्या. त्यानंतर काय त्या तपासण्या, सुया, पोटाचे फोटो, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. पित्त जिथून आतड्यात उतरतं तिथे एक गाठ होती आणि तिनं वाट अडवली होती.

डॉक्टरांनी बाईला बाजूला घेतलं आणि खाली बघून सांगायला सुरुवात केली, की मी यांना आधीच बोलवायला हवं होतं, त्या चित्रात मला काही वेगळं दिसलं नाही. तयार केलेली सगळी तक्रार बाईच्या तोंडाशी होती. ती ऐकून घ्यायला समोर माणूसही मान खाली घालून उभा होता. असा योग तक्रारींच्या टेबलावर कधी येत नाही. बाईनं सगळं गिळलं आणि पट्टीचं सांगितलं, आणि आपण कुठे बघितलं तेही सांगितलं. सांगताना तिला डॉक्टरचा राग येतच होता, कमी झाला नव्हता. मी छान म्हणाले आणि तुम्ही ते मानलंत, असंही ती म्हणाली. 

मग बाईनं एकच विचारलं. "मध्ये जो वेळ गेला, त्यानं फरक पडला का?"

डॉक्टरांनी इकडचं तिकडचं सांगितलं नाही, याबद्दल बाईनं त्यांना पुढे कधी नावं ठेवली नाहीत. "पडला," त्या म्हणाल्या. गाठ शेजारी पसरली होती. नळी घालून पित्ताला वाट करून देता येणार होती, त्यानं पिवळेपणा उतरेल, खाज थांबेल, जेवण जायला लागेल. कापून काढायची वेळ मात्र निघून गेली होती.

दादा खाटेवर टेकून बसला होता. हाताला सलाईन, अंगात दवाखान्याचा ढगळा सदरा. डॉक्टर काय म्हणाली ते त्यानं विचारलं, आणि बाईनं स्टूल ओढून त्याच्या शेजारी न बसता समोर बसत सगळं सांगितलं, गाठीचं, नळीचं, राहून गेलेल्या ऑपरेशनचं. लोकांना धीर द्यायचा तिचा तो आवाज काढायचा तिनं प्रयत्न केला, पण तो निघाला नाही. तेव्हा तिनं साध्या आवाजात सांगितलं.

"तिनं डोळ्यांचं विचारलं ना, तेव्हा मी स्क्रीनवर बघितलं, दादा. तुझ्याकडे नाही बघितलं. आणि त्यात चेहरा चांगला दाखवायची सोय चालू होती. माझ्या ऑफिससाठी लावलेली."

दादाला ते समजायला वेळ लागला. सोय म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. तिनं पट्टीचं सांगितलं. तो खिडकीकडे बघत राहिला. नर्स येऊन सलाईनचा थेंब जुळवून गेली. बाईला वाटलं आता हा ओरडणार, आणि त्यानं ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं, कारण ओरडण्याला उलट कसं ओरडायचं ते तिला येत होतं.

"लघवी किती दिवस काळी होत होती," दादा म्हणाला. "कोऱ्या चहासारखी. तिनं दोनदा विचारलं. तू शेजारी बसलेली, कसं सांगणार?" मग थोड्या वेळानं, "आणि आरसा काय घरात नव्हता? मोरीत टांगलाय चांगला. त्यात दिसत होतं की मला. मला आपला तो चौकोनातला बरा वाटला. म्हटलं डॉक्टर ज्याला बघते तोच खरा."

बाईनं डोळे पुसले आणि ती चिडून म्हणाली, मग बोलायचं नाही का? तोही चिडून म्हणाला, तू दार उघडं ठेवलंस तर बोलणार ना. वॉर्डातल्या दोन खाटांवरची माणसं मान वळवून बघायला लागली.

दादानं मोकळ्या हातानं उशी सारखी केली. मग चेहरा उजेडाकडे वळवून तो हलेनासा झाला, एखाद्यानं फोटोसाठी बसावं तसा.

"आता बघ नीट," तो म्हणाला. "आणि उगाच बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. आहे का पिवळा?"

तिनं चष्मा पुसून घातला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"फार आहेस, दादा," ती म्हणाली.